ट्रक, ट्रेलर, डंपर आणि आपण : तुमचे अनुभव लिहा

सई_नाशिक
लेकीला नुकतंच लायसन्स मिळालं. रविवारी सकाळी तिच्या हातात गाडी देऊन घोटीपर्यंत गेलो. विल्होळीच्या पुढे एका दहाचाकी ट्रकच्या मागे लागलो आणि त्यानं उजवा इंडिकेटर दिला. लेक विचारते, "आई, हा स्वतः उजवीकडे येतोय, की मला जा म्हणतोय?" उत्तर द्यायच्या आधी मला मामाच आठवले.

मामांचा स्वतःचा ट्रक होता. लासलगावचा कांदा भरून वाशी मार्केटला जायचे. मे महिन्यात गाडी दारात उभी असली की आम्ही सगळी भाचरं केबिनमध्ये. एकदा मामांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मामेभावाला सांगितलं, गाडीला एक चक्कर मार. तो बंपरच्या अगदी पुढून गेला, मला त्याचा केससुद्धा दिसला नाही. डाव्या दाराला टेकून उभा राहिला, तरी नाही. मागे गेला तो तर नाहीसाच झाला (तिकडे शेंगा फोडत बसला होता). मामा म्हणाले, "लोकांना वाटतं एवढा उंच बसलाय, ह्याला सगळं दिसत असेल. लांबचं दिसतं. पायाशी काय आहे ते नाही दिसत." त्याच्या आरशात आपल्याला त्याचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

कसाऱ्याला त्यांचा एकच नेम होता, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा एक बदली ड्रायव्हर त्यांनी पुढच्या खेपेला बोलावलाच नाही.

लेकीला म्हटलं, इंडिकेटर दिला म्हणून जायचं नाही, पुढचा रस्ता तुला स्वतःला दिसला तरच जायचं. पण तिचा प्रश्न राहिलाच. तुम्ही काय समजता? आणि ट्रकवाल्यांचे बरेवाईट अनुभव लिहा. नुसत्या शिव्या नकोत :)

घाटवेडा
सिंगल रोडला उजवा = थांब, समोरून येतंय. डावा = जा. आमच्याकडे हेच.

वऱ्हाडी_भाऊ
आमच्याकडे उलटं न राजेहो. उजवा दिला का जा. म्हणून मी इंडिकेटरकडे पाहतच नाही, ड्रायव्हरचा हात बाहेर आला तरच विचार करतो. आता तेही गेलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केली सरकारनं. काचा बंद, हात आत.

मृण्मयी_के
दोघांचं वाचून काय समजायचं लेकीनं? चौपदरी रस्त्यावर तरी उजवा म्हणजे तो उजव्या लेनमध्ये येतोय, बास. एक्स्प्रेसवेला खंडाळ्याच्या चढावर एक ट्रक रांगत असतो, दुसरा त्याच्याहून जरासा जास्त रांगत ओव्हरटेक करतो, आणि मागे आमची वरात.

लहान_गाडीवाला
तिसरा तिसऱ्या लेनमध्ये. ते राहिलं.

ट्रेलरवाल्याचा_मुलगा
वडील न्हावाशेवाहून कंटेनर ओढायचे, म्हणून थोडं त्यांच्या बाजूनं. मागची वरात त्यांनाही आरशात दिसत असते. पण भरलेल्या गाडीचा चढावर एकदा वेग तुटला की पुन्हा खालच्या गिअरपासून सुरुवात. म्हणून पुढचा रखडला की ते बाहेर निघतात. बरोबर करतात असं म्हणत नाही, का करतात ते सांगतोय.

वडिलांना खरा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. कार भुर्रकन पुढे जाते, लगेच समोर घुसते आणि ब्रेक मारते. पुढे एक्झिट असते, नाहीतर वडापाव. ट्रेलरवाला पुढे जी जागा मोकळी ठेवतो ती त्याची थांबायची जागा असते, कारवाल्याला वाटतं आपल्यासाठीच सोडलीय. कायद्यानं आता मोठ्या ट्रेलरला मालासकट ५५ टनांपर्यंत परवानगी आहे. आपली कार टन-सव्वा टन. त्यात एअर ब्रेक. पेडल दाबलं की हवा चाकापर्यंत पोचून ब्रेक धरायला क्षणभर जातो, कारसारखा दाबला की लागला असं नाही. आणि ट्रेलर भरधाव असेल तर तो क्षणसुद्धा बरेच फूट खातो.

ओव्हरटेक केल्यावर आपल्या आतल्या आरशात ट्रकचं पूर्ण तोंड, दोन्ही हेडलाइट दिसले की मगच डावीकडे या. तोवर उजवीकडेच राहा, मागचा कितीही डिपर मारू दे.

बाकी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आहे, त्यात दिवसाला ८ तास काम लिहिलंय. वडिलांना वाचून दाखवला तेव्हा ते हसले आणि चहा मागवला.

सई_नाशिक
दोन्ही हेडलाइटचं आजच सांगते तिला. आणि वडापाव!! अगदी अगदी.

तांबडा_पांढरा
ट्रकचं सोडा ओ. आमच्याकडं हंगाम सुरू झाला की उसाच्या डबल ट्रॉल्या. रात्री मागं ना लाल दिवा ना काय, टेप मात्र फुल्ल. ऊस ट्रॉलीच्या भाईर लोंबत असतोय, त्यामुळं रिफ्लेक्टर लावला असला तरी झाकतोय. समोरनं लाइट डोळ्यात आली की मागची ट्रॉली दिसतच नाही, डायरेक्ट ऊसच दिसतोय. चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलत्यात, तवा त्याच्या हातात स्टेअरिंग नुसतं नावाला. म्हणून चढाला शेजारनं काढायचं नाही, आणि मागं चिकटायचं बी नाही.

एकदा शिरोळच्या बाजूला थांबून एका पोराला सायकलचा लाल ब्लिंकर दिला, म्हटलं मागच्या ट्रॉलीला बांध. त्यानं टेपला बांधला.

मृण्मयी_के
टेपला!!! मेले हसून

गाववालो
गणपतीत मुंबई-गोवा रस्त्यावर अवजड गाडयेंका बंदी असता. तरी पनवेल ते कुडाळ वेळ तेवढोच लागता. म्हणजे ट्रकवालो निर्दोष सुटलो.

लहान_गाडीवाला
माणगावचं नाव घेऊ नका कोणी.

गाववालो
घेतलंय कोणी? तुमीच घेतलात.

स्कूटीवाली_वाकड
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आमच्याकडे हिंजवडी-वाकडला डंपर आणि सिमेंट मिक्सर. सिग्नलला त्यांच्या डाव्या बाजूच्या फटीतून पुढे जाऊ नका. कधीच नाही. डावीकडे वळायचं असलं की ते आधी जरा उजवीकडे दबतात, कारण एवढं धूड एका झटक्यात वळत नाही. फट मोठी होते आणि दुचाकीवाल्यांना वाटतं आपल्याला जागा दिली. मग पुढचं तोंड वळतं आणि मागची चाकं कोपरा कापत आतून येतात. फट संपते. ऑफिसमधल्या एकीची स्कूटर त्या चाकांखाली गेली. ती वाचली, कारण तिनं गाडी टाकून फुटपाथवर उडी मारली. डंपरवाल्याला लोक ओरडेपर्यंत काही कळलंसुद्धा नव्हतं, आणि मला वाटतं तो खरं बोलत होता.

मी मागेच थांबते, त्याचा आरसा दिसेल अशी. मागचे हॉर्न मारतात. मारू देत.

घाटवेडा
ताई, शिट्ट्या मोजताय ना

स्कूटीवाली_वाकड
झाल्या. डाळ शिजली :)

धायरीकर
पुण्यातल्या नवले पुलाचा विषय निघाला नाही अजून? मी तिथून जवळच राहतो. नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की खाली पुलापर्यंत नुसता उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीनं एका दमात चाळीसच्या वर गाड्या ठोकल्या ती हीच जागा. त्यानंतर रंबलर (रस्त्यावरचे खडखडणारे पट्टे) आले, वेगमर्यादा कमी केली, कॅमेरे आले. अपघात थांबलेत असं मी म्हणणार नाही.

सईताईंच्या मामांचं न्यूट्रलचं म्हणणं इथे रोज पटतं. गिअर काढला की इंजिनाची अडवण जाते आणि सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, मग पाय कितीही दाबा, ब्रेक धरत नाही. काही महाभाग इंजिनच बंद करतात. मग हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद, आणि पुन्हापुन्हा ब्रेक मारला की टाकीतली हवा संपत येते.

आपण काय करायचं तर उतारावर भरलेल्या गाडीच्या बरोबर पुढे रेंगाळायचं नाही. पुढे निघून जा, नाहीतर मागे राहा. जळक्याचा वास आला, किंवा मागून कोणी दिवे लावून हॉर्न सोडतच नसेल, तर "ह्याला काय माज आलाय" म्हणत अडून बसू नका. बाजूला व्हा. माज नसतो तो नेहमी.

लहान_गाडीवाला
नेहमी नसतो, पण असतो.

धायरीकर
बरं बाबा, असतो.

नागपूरची_सून
समृद्धीवर माझी भीती वेगळीच आहे. ७०१ किलोमीटर, रस्ता सरळ, डोळ्याला काही बदलच नाही. कडेला ट्रक उभा असतो, तो चालतोय की उभाय ते जवळ जाईपर्यंत कळत नाही, आणि आपण १२० ला असतो. २०२३ च्या ऑक्टोबरात वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर मागून गेली तेव्हापासून सासरेबुवा रात्री निघूच देत नाहीत. त्यांचं गणित आहे, पुढच्या लाल दिव्यांमधलं अंतर झपाट्यानं वाढायला लागलं तर तो उभाय किंवा फार हळू आहे, पाय लगेच काढायचा. दिवेच नसले तर काय, ह्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

आणि साध्या रस्त्यावर ट्रक बंद पडला की मागे झाडाची फांदी आणि दगड! गाडी दुरुस्त झाली की फांदीसुद्धा उचलत नाहीत, दगड तर नाहीच.

वऱ्हाडी_भाऊ
दगड आम्ही उचलतो. माझ्या डिक्कीत कायम दोन असतात, पंक्चरला कामी पडतात.

साक्रीकर
चांगला अनुभव पण लिहितो. आमच्या भागात पवनचक्क्यांची पाती नेणारे लांबलचक ट्रेलर येतात. पुढे पायलट गाडी, मागे झेंडा घेऊन माणसं. एका वळणावर अख्खी वाहतूक थांबवली, आम्ही वैतागून खाली उतरलो. मागची चाकं वेगळी वळवायला एक माणूस तिथेच होता, पुढच्या ड्रायव्हरशी वॉकीटॉकीवर बोलत. एका बाजूला विजेची तार, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी बांधलेलं शेड. पातं शेडच्या पत्र्याजवळून वीतभर अंतरानं गेलं. जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पायलट गाडीवाल्यानं मग थांबून आम्हाला एकेक करून पुढे सोडलं, हात जोडून. एवढ्या मोठ्या गाडीकडून नमस्कार मला तरी पहिल्यांदाच मिळाला.

मृण्मयी_के
खंबाटकी उतरल्यावर रात्री आमचं टायर गेलं होतं. एक ट्रकवाला आमच्या बराच मागे थांबला, चारी इंडिकेटर लावून, आम्ही स्टेपनी बदलेपर्यंत. उतरला नाही, बोलला नाही. झाल्यावर एक हॉर्न मारून गेला. नंबरपण बघायचा राहिला.

परदेशी_पाटील
जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत मोठ्या ट्रकना रस्त्यावर बंदी असते. रविवारी गाडी चालवायला फार सुख.

ट्रेलरवाल्याचा_मुलगा
ड्रायव्हरला पण मग रविवारी सुट्टी? हे वडिलांना सांगतो. विश्वास ठेवणार नाहीत.

परदेशी_पाटील
सुट्टी कसली, पार्किंगमध्ये गाडीतच स्वयंपाक करत बसलेले असतात बिचारे. बरेचसे पूर्व युरोपातले.

तांबडा_पांढरा
काय करत्यात जेवायला?

परदेशी_पाटील
विचारलं नाही हो.

नागपूरची_सून
विषय बदलतेय, डॅशकॅम कोणी लावलाय का? कोणता घ्यावा? वेगळा धागा काढू?

घाटवेडा
आहे आधीचा एक. पण त्यात दोघांचं भांडण झालंय, कॅमेऱ्याचं नाव शोधायला बरंच खाली जावं लागेल.