बंदुकीचे बळी मोजताना आत्महत्या कुठे गेल्या?

अमेरिकेतल्या बंदूक-नियंत्रणावरच्या या चर्चेत एकानं म्हटलंय की शिकागोत बंदुकीचे कायदे कडक असूनही खून थांबत नाहीत, म्हणजे कायद्यांचा उपयोग नाही. पण शिकागोला कुंपण नाही. तिथं गुन्ह्यांत सापडणाऱ्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक बाहेरच्या राज्यांतून येतात, आणि शेजारच्या इंडियाना राज्याची हद्द अगदी खेटून आहे.

मला त्याहून जास्त खटकतंय ते वेगळंच. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं सुमारे ४८,८०० माणसं गेली; त्यांतल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. आणि आपण इतका वेळ फक्त खुनांवर भांडतोय! आत्महत्येची तीव्र ऊर्मी कित्येकदा थोडाच वेळ टिकते. ती वेळ टळली तर बहुतेक जण पुढे जगतात. बंदूक हाताशी असली की ती सवडच मिळत नाही.

'ज्याला मरायचंय तो दुसरा मार्ग शोधेलच' हे म्हणूनच मला पटत नाही. इस्रायली लष्करानं २००६ मध्ये सैनिकांना साप्ताहिक सुट्टीत रायफल घरी न्यायला मनाई केली, तेव्हा आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवशी फारसा फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेतल्या. त्यानंतर बंदुकीनं होणारे मृत्यू घटले; पण ते आधीपासूनच कमी होत होते, हा आक्षेप रास्त आहे, त्यामुळे त्या उदाहरणावर मी एवढा भर देणार नाही.

बंदूक खरेदी केल्यावर ताबा मिळेपर्यंत काही दिवसांची सक्तीची प्रतीक्षा, आणि घरात ती कुलपात ठेवण्याचं बंधन. या दोन नियमांना इथल्या कुणाचा विरोध आहे का, आणि असेल तर का?