मदत हवी आहे: जपानच्या गोल्डन वीकमध्ये (२९ एप्रिल ते ५ मे २०२७) आईला घेऊन जावं का?

अबोली:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ चार वर्षं टोकियोत आहे, निशी-कासाईला. बाबा गेले तेव्हापासून त्याच्या मनात एकच आहे, आईने एकदा येऊन त्याचं घर बघावं. पुढच्या उन्हाळ्यात आई (वय ७१, गुडघे दुखतात, पूर्ण शाकाहारी), मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा असे तिघे जाणार आहोत.

पेच असा आहे की भावाला सलग रजा मिळते ती फक्त गोल्डन वीकमध्ये, म्हणजे तिथल्या ओळीने येणाऱ्या सुट्ट्यांच्या आठवड्यात. इतर वेळी दोन दिवस मागायचे म्हटले तरी त्याला जड जातं. आणि इकडे ज्याला विचारावं तो म्हणतो, गोल्डन वीकमध्ये जपानला पाऊल टाकू नका. एका एजंटाने कार्यक्रम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओढायला सांगितलं, पण तेव्हा मुलाची परीक्षा असते.

मी तारखा मांडून बघितल्या. २९ एप्रिल गुरुवारी शोवा दिन. ३ मे सोमवारी संविधान दिन, ४ला हरित दिन, ५ला बालदिन. मध्ये १ आणि २ मे शनिवार-रविवार. म्हणजे ३० एप्रिलच्या शुक्रवारी रजा टाकली की सलग सात दिवस. भाऊ तेच करणार आहे आणि मला वाटतं निम्मा जपान तेच करणार.

आमचा बेत: २९ला टोकियोत उतरायचं. ३०ला भावाबरोबर क्योतो, ३ मेला हिरोशिमा, ५ला परत टोकियो. मग आठवडाभर भावाकडे आराम आणि १२ मेला परतीचं विमान. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

विचारायचं ते असं. गर्दी खरंच आईला झेपणार नाही अशी असते का? रेल्वेत बसायला जागा मिळेल का? सात दिवसांचा रेल्वे पास घ्यावा का? दुकानं, बँका, देवळं बंद असतात का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा. आईला हा प्रवास पुन्हा जमेल असं वाटत नाही, म्हणून चूक करायची नाही.

पाऊलवाट:
अबोली, मी २०१९च्या गोल्डन वीकमध्ये सापडलो होतो. त्या वर्षी १ मेला सम्राट नारुहितो गादीवर आले, त्यामुळे २७ एप्रिल ते ६ मे अशी दहा दिवसांची सुट्टी होती. टोकियोहून क्योतोला विनाआरक्षण डब्यात सव्वादोन तास दाराजवळ उभा राहून गेलो. तेव्हा माझं वय ३४ होतं. दुसऱ्या दिवशी कियोमिझू मंदिराच्या चढावर माणसाला माणूस चिकटलेला. तिथे गर्दीत कोणी धक्काबुक्की करत नाही, पण बसायला कुठे जागाच नसते. हे सत्तरीच्या गुडघ्यांना नको. माझं मत: जाऊच नका असं नाही, पण क्योतो त्या दिवसांत नको.

घाटमाथा:
पासचं तेवढं सांगतो. ऑक्टोबर २०२३मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतो नोझोमीचं (सर्वांत वेगवान बुलेट ट्रेन) आरक्षित तिकीट एका बाजूचं १४ हजार येनच्या आसपास आहे. जाऊन येऊन २८-२९ हजार. तुमच्यासाठी पास तोट्याचा. मुलाला अर्धं तिकीट लागेल. शिवाय पासावर नोझोमीने जायचं तर वर वेगळे पैसे भरावे लागतात.

टोकियोकर:
मी इथे अकरा वर्षं राहतेय, दर वर्षी हा आठवडा बघते. अबोलीताई, तुमच्या तारखा चुकलेल्या नाहीत, बेताचा क्रम उलटा झालाय.

या आठवड्यात टोकियोची माणसं शहराबाहेर पडतात. कोणी गावी जातं, कोणी क्योतोला, हाकोनेला. ऑफिसांच्या भागातले रस्ते ओस पडतात आणि क्योतोत पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यात १ मेपासून चीनची कामगार दिनाची सुट्टी आणि ५ मेला कोरियाचाही बालदिन, म्हणजे शेजारचे पाहुणेही तेव्हाच येतात. तुम्ही बरोबर गर्दीबरोबर जायला आणि गर्दीबरोबरच परतायला निघाला आहात.

त्यापेक्षा २९ ते ५ टोकियोतच राहा, भावाच्या घरी. त्याला सुट्टी आहे, आईला घर बघायचं आहे, दोन्ही साधतं. आणि ६ मेच्या गुरुवारी, सगळे कामावर परतले की क्योतोला जा. हॉटेलचे दरही त्या दिवसापासून खाली येतात. फरक किती पडतो ते दोन्ही तारखा टाकून स्वतः बघा.

रेल्वेबद्दल पाऊलवाट यांच्या वेळेपेक्षा आता नियम बदललाय. गोल्डन वीक, ओबोन (पितरांचा सण) आणि नववर्ष या तीन गर्दीच्या काळात नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात. आरक्षण नसेल तर दाराजवळ उभं राहून जावं लागतं. आरक्षण बरोबर एक महिना आधी जपानच्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेसहाला. ६ मेसाठी ६ एप्रिल, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पाडवा आहे, त्यामुळे तारीख विसरणार नाही.

टोकियोत आईंना चालवायचं नसेल तरी खूप आहे. कासाई रिंकाई पार्क तुमच्या भावाच्या घराजवळच, समुद्राकाठी, बाकं भरपूर. टोकियो टॉवरखाली बालदिनासाठी ३३३ कोइनोबोरी, म्हणजे कापडी मासे, वाऱ्यावर सोडलेले असतात. टॉवर ३३३ मीटर उंच म्हणून तेवढे. तुमच्या मुलाला तिथे न्याच. ४ मेला हामारिक्यूसारख्या महानगराच्या बागांना प्रवेश मोफत असतो. त्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर आई झाडाखाली निवांत बसू शकतील.

अबोली:
टोकियोकर, तुमचं उत्तर भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ६ मेला त्याचं ऑफिस सुरू. म्हणजे क्योतोला आईबरोबर तो नसणार. तिला देवळात दोन्ही मुलांबरोबर उभं राहायचं आहे, हे ती गेल्या वर्षभर बोलून दाखवते आहे.

टोकियोकर:
मग त्याला शुक्रवारी, ७ मेला ऑफिस सुटल्यावर निघू दे. टोकियोहून रात्री नवाच्या सुमारासही गाड्या असतात, मध्यरात्रीच्या आत पोचेल. शनिवार-रविवार तुम्ही सगळे एकत्र आणि रविवारी संध्याकाळी परत. रविवारी ९ मे, मे महिन्याचा दुसरा रविवार. इथेही त्या दिवशी मातृदिन असतो, फुलवाल्यांकडे कार्नेशनच्या बादल्या भरलेल्या दिसतील.

गुरुवार-शुक्रवार तुम्ही तिघांनी सपाट जागा बघा. फुशिमी इनारीच्या देवस्थानात वरपर्यंत चढू नका, खालच्या लाल कमानींपाशी गेलं तरी पुरे. ते दिवसरात्र उघडं असतं, सकाळी सातला गेलात तर शांतता मिळेल. कियोमिझूचा चढ शनिवारसाठी ठेवा, भाऊ हाताला असेल.

संग्रहालयांचा एक खड्डा सांगून ठेवते, कारण यात सगळे पडतात. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. पण सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उघडी राहतात आणि पुढच्या कामाच्या दिवशी बंद. ३ मे सोमवार आहे, ४ आणि ५ पण सुट्ट्या. म्हणून ६ मेला क्योतोत उतरून संग्रहालय गाठलंत तर दार बंद मिळण्याचा संभव मोठा. त्या दिवशी फक्त देवळं ठेवा.

हिरोशिमा या वेळी सोडा, असं मी सांगेन. मुलाने ते पाहायलाच हवं, पण आईंच्या गुडघ्यांना दोन शहरं पुरेत.

घाटमाथा:
बँका सुट्टीत बंद, पण सेव्हन इलेव्हनच्या एटीएममध्ये भारतातली कार्डं चालतात आणि ती दुकानं चोवीस तास उघडी. मोठी बॅग असेल तर लक्षात घ्या, लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, सामानाच्या जागेसह आसनाचं आरक्षण लागतं. त्यापेक्षा मोठं सामान भावाकडे ठेवून पाठीवरच्या पिशवीने जा. व्हिसाचं लवकर बघा. ई-व्हिसा फक्त पर्यटनासाठी आहे, भावाच्या घरी उतरणार तर कोणते कागद लागतील ते व्हिसा अर्ज केंद्रात आधीच विचारा. वकिलातीही त्यांच्या देशाच्या काही सुट्ट्या पाळतात, तेव्हा एप्रिलच्या शेवटावर काही ठेवू नका.

पाऊलवाट:
विमानाबाबत तुमची दिशा चांगली आहे. जपानी लोक २८-२९ला बाहेर जातात आणि ४-५ला परत येतात. तुम्ही नेमक्या उलट्या दिशेने जाताय आणि परतीला १२ मे. तारखा बदलू नका.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज विमानाची तिकिटं काढली. क्योतोचं हॉटेल ६ ते ९ मे, स्टेशनजवळ, लिफ्ट असलेलं. रद्द करता येईल असंच घेतलं.

आईला सगळं सांगितलं तर तिचा प्रश्न वेगळाच. भावाने तिला बालदिनाला पानात गुंडाळलेलं काहीतरी गोड मिळतं असं सांगितलंय. ते ती खाऊ शकेल का?

टोकियोकर:
काशिवामोची. तांदळाच्या पिठाची पारी, आत अझुकीचं (लाल कडधान्य) गोड पुरण, बाहेरून ओकचं पान. अंडं, दूध काही नाही, निर्धास्त खाऊ द्या. पान मात्र काढून ठेवायचं, आपल्या पातोळ्यांसारखं.