ध्वजदिन निधी : निराधार माजी सैनिकाचा महिना वर्गणीवर का?

रोखपाल

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने माजी सैनिकांची तीन अनुदानं दुप्पट केली. पेन्शन नाही, वय ६५ च्या पुढे, नियमित उत्पन्न नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला मिळणारी पेन्युरी ग्रँट महिना ४,००० ची ८,००० झाली. दोन मुलांपर्यंतची शिक्षणाची मदत दरमहा प्रत्येकी १,००० ची २,००० आणि लग्नाची ५०,००० ची १ लाख. सगळ्यांनी स्वागत केलं. मीही केलं. पण त्याच बातमीत असंही होतं, की वाढीव खर्च, वर्षाला सुमारे २५७ कोटी, सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून भागवला जाईल.

हा निधी देणग्यांचा आहे. ७ डिसेंबरला खिशाला लावतात तो कागदी ध्वज, प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी ८०जी ची पावती, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर), साठलेल्या रकमेवरचं व्याज. म्हणजे माजी सैनिकांना सरकारने सांभाळावं की दानशूरांनी, हा वाद आपल्याकडे सरकारने परस्परच मिटवलाय : पैसा दानशूरांचा, शिक्का सरकारचा.

२०२५-२६ मध्ये संरक्षण खात्याच्या पेन्शनची तरतूद १ लाख ६० हजार कोटींच्या वर आहे. त्यापुढे २५७ कोटी म्हणजे हजार रुपयांमागे दीड-पावणेदोन रुपये. एवढी रक्कम अर्थसंकल्पात बसत नाही असं कुणी म्हणू नये. बसवायची नाही, एवढंच. कारण तिथे लिहिलं की तो हक्क होतो.

नियमावर बोट

दुसऱ्याच वाक्यातलं 'पेन्शन नाही' तुम्ही पटकन ओलांडलंत. पेन्शन नाही, कारण सेवा पुरी नाही. जवानाला १५ वर्षं, अधिकाऱ्याला २०. भरती होताना हे माहीत असतं. ठरल्यापेक्षा कमी सेवेला ठरल्याएवढी पेन्शन मागणं हा हक्क कसा?

सरकारने हात झटकलेत असंही नाही. वन रँक वन पेन्शन (समान हुद्दा, समान सेवा, तर समान पेन्शन) १ जुलै २०१४ पासून लागू आहे, २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. या सगळ्यातून जे उरतात त्यांच्यासाठी समाजाने काही करावं यात कमीपणा कसला? १९४९ साली ध्वजदिन सुरू झाला तोच मुळी लोकांचा सहभाग असावा म्हणून.

सुभेदारांची लेक

@नियमावर बोट, सेवा पुरी नाही म्हणजे पळून आला असा सूर लागतोय तुमचा. 'माजी सैनिक' ही व्याख्या एकदा वाचा. बिनपेन्शनी माणूस तिच्यात बसतो तो मुख्यतः नेमून दिलेली मुदत संपली आणि ग्रॅच्युइटी देऊन सोडला म्हणून. मध्येच स्वतःच्या मर्जीने नाव काढून घेणारा सहसा तिच्यात बसतच नाही. म्हणजे ज्यांना ही ग्रँट मिळते त्यातल्या बहुतेकांनी कराराची आपली बाजू पाळलेली आहे. मुदत किती हे सैन्याने ठरवलं होतं, त्यांनी नाही.

आणि ही ग्रँट हवालदार किंवा समकक्ष हुद्द्यापर्यंतच आहे. कुणाबद्दल बोलतोय ते लक्षात राहू द्या.

वकिली चष्मा

भावना पोचल्या. पण रोखपालसाहेब ज्या हक्काची आरती ओवाळताहेत तो प्रत्यक्षात कसा दिसतो ते सांगतो.

अपंगत्व पेन्शन हा हक्कच आहे ना? धरमवीर सिंग प्रकरण बघा. हा माणूस १९८५ मध्ये भरती झाला, झटके यायला लागले म्हणून १९९४ मध्ये त्याला घरी पाठवलं. वैद्यकीय मंडळ म्हणालं, आजाराचा सेवेशी संबंध नाही. पेन्शन नाकारली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागला २०१३ मध्ये. मधली १९ वर्षं काय खाल्लं असेल? निकालाचं तत्त्व असं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार पुढे जडला तर तो सेवेमुळेच आला असं धरून चालायचं. तसं नाही हे सरकारने सिद्ध करायचं. साधी गोष्ट. तरी त्यानंतरही सरकारची अपिलं येतच राहिली. इतकी, की २०१५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीला ती कमी करा असं लिहून द्यावं लागलं.

याउलट कल्याण निधीत आजार सेवेमुळे आला की बापाकडून, हा प्रश्नच नाही. अडचण आहे का? आहे. घे. उद्या हेच आठ हजार अर्थसंकल्पात घाला. लेखापरीक्षक येईल, पात्रतेची व्याख्या येईल, व्याख्येवर वाद येईल, वादावर माझ्यासारखे येतील. आमचं भलं होईल, म्हाताऱ्याचं नाही.

निव्वळ वाचक

चष्मेवाल्यांना +१. 'बापाकडून' वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

रोखपाल

@वकिली चष्मा, तुमचंच उदाहरण तुमच्याविरुद्ध जातं. धरमवीर सिंग १९ वर्षांनी का होईना, जिंकले. जिंकले कारण पेन्शन हा हक्क होता आणि न्यायालयात दाखवायला नियम होता. आता एखाद्या विधवेची पेन्युरी ग्रँट यंदा निधी अपुरा म्हणून अडली असं समजा. ती कुठल्या कोर्टात जाणार? देणगीतून चाललेल्या योजनेत 'यंदा जमलं नाही' हे पुरेसं उत्तर असतं. पेन्शनच्या बाबतीत तसं सांगून बघा.

सरकार फार अपिलं करतं हे खरंच. मग अपिलं थांबवा. हक्क काढून घेणं हा त्यावरचा उपाय कसा झाला?

गुरुजी

'लोकांचा सहभाग' असं वर म्हटलंय. तो कसा होतो तेही कळू दे. जिल्ह्याला ध्वजदिनाचा इष्टांक येतो, तो खात्याखात्यांत वाटला जातो आणि झिरपत शाळेपर्यंत येतो. मग ज्यांच्या आईबापांचंच महिनाअखेरीस भागत नाही ती पोरं घरून पैसे आणतात. त्यापेक्षा सरळ कर लावा की, निदान जास्त कमावणारा जास्त भरेल.

नियमावर बोट

गुरुजी, गल्लत होते आहे. जिल्ह्यात जमणारा पैसा मुख्यतः राज्याच्या सैनिक कल्याणाच्या कामांना जातो. पेन्युरी ग्रँट केंद्राच्या निधीतली. इष्टांकाची सक्ती मलाही पसंत नाही. पण ती बंद केली तरी मूळ प्रश्न तिथेच.

सातासमुद्रापार

बाहेरचं थोडं. ब्रिटनमध्ये रॉयल ब्रिटिश लीजन ही माजी सैनिकांना मदत करणारी संस्था १९२१ मध्ये उभी राहिली, माजी सैनिकांच्याच चार संघटना एकत्र येऊन. पहिलं महायुद्ध लढून आलेल्यांना सरकार पुरं पडत नव्हतं म्हणून. अमेरिकेत १९३२ मध्ये कबूल केलेला बोनस लवकर द्या म्हणून माजी सैनिक वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले, तर त्यांच्यावर सैन्यच घातलं. सरकारवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. २०१४ मध्येही तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांच्या प्रतीक्षा याद्यांत लपवाछपवी निघाली आणि मंत्र्याला जावं लागलं.

देणगीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. २०१६ मध्ये वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट या जखमी सैनिकांसाठीच्या तिथल्या बड्या संस्थेच्या खर्चावरून गदारोळ झाला आणि वरचे दोन अधिकारी घरी गेले.

माझ्या मते संस्था एकच काम सरकारपेक्षा बरं करते : माणूस शोधून काढणं. सरकार अर्जाची वाट बघतं. ज्याला दारू लागलीय, जो रात्री दचकून उठतो, ज्याने सगळ्यांशी बोलणं टाकलंय, तो अर्ज करत नाही.

सुभेदारांची लेक

हे शेवटचं पटलं. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जायबंदी जवानांना हाताला काम शिकवते आहे. अशा ठिकाणी देणगी द्यायला मला अभिमान वाटतो. व्हीलचेअर, यंत्रं, सोबत, खेळ, हे द्यावं लोकांनी. पण महिन्याचा किराणा देणगीतून? आमच्या नात्यातल्या एक काकू या ग्रँटसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला जातात आणि 'साहेबांची कृपा' म्हणून हात जोडून परत येतात. सख्खी जाऊ पेन्शनर; ती बँकेत भांडते. भांडता येणं हीसुद्धा सोय आहे हो.

वकिली चष्मा

भांडण्याचा मुद्दा मान्य. ग्रँट अर्थसंकल्पातून, पण छाननी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातच संपली पाहिजे आणि मंजुरीवर खात्याला अपील नको, एवढं लिहून द्या. मग मी तुमच्या बाजूने. माझा अंदाज विचाराल तर पहिला अर्धा भाग होईल, दुसरा होणार नाही.

गुरुजी

आणि अग्निवीर? २०२२ पासूनची सैन्यातली नवी भरती. ४ वर्षं, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत कायम, बाकी घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे पासष्टीला पोचतील तेव्हा आज ज्यावर भांडतोय ती ग्रँटसुद्धा त्यांची नाही.

नियमावर बोट

त्यांना बाहेर पडताना ११.७१ लाखांच्या आसपास सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसा, मिळतो, पंचविशीच्या आत-बाहेर. अख्खं आयुष्य पुढे असतं. चार वर्षांच्या नोकरीवर चाळीस वर्षांनंतरची जबाबदारी कुठलंही सरकार घेत नाही.

रोखपाल

त्या सेवानिधीत निम्मा वाटा त्याच्याच पगारातून कापलेला असतो, तेवढं मोजताना धरा. अग्निवीरांवर वेगळा धागा काढतो. इथे कुणाला अर्थसंकल्पातली तरतूद नकोच असेल तर कारण सांगा, 'आजवर असंच चालत आलंय' सोडून.