जेवणाच्या टेबलावरच्या जुन्या दिव्याची काच तडकली. मदत हवी आहे (अर्जंट)

हिरवाकंदील: रंगीत काचांचा लटकता दिवा आहे, जुना. एक काच तडकलीय, खालचा एक कोपरा सुटून लोंबतोय. फेविक्विक लावलं, दोन दिवसांत निघालं. शनिवारी वीस माणसं जेवायला येणार आहेत. कुठला गोंद टिकेल तेवढंच सांगा.

खडीसाखर: कुठे राहता? काच केवढी? फोटो?

हिरवाकंदील: गोंदाला गाव कशाला लागतं? बरं, पॅसाडेना, कॅलिफोर्निया. घर १९१२चं, दिवा घराबरोबरच आला. एजंट म्हणाला टिफनीचा आहे, तो नावाजलेला अमेरिकन काचकलावंत.

भटकभवानी: पॅसाडेना!! गॅम्बल हाऊस पाहिलंत का? वास्तुकार ग्रीन बंधूंनी १९०८मध्ये बांधलेलं घर. तिथले लाकूड-काचेचे दिवे बघून माझी तर मान अवघडली होती.

खवटआजोबा: एजंटला घर विकायचं होतं. टिफनीवाले काचेच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून डाख लावत. तुमच्या काचा सरळ चौकोनी आहेत का? मग तो बहुधा आर्ट्स अँड क्राफ्ट्स वळणाचा (त्या काळची साधी, हातकामाची शैली), कोणाचा ते शिक्का असला तरच कळेल. आधी हे सांगा: काचा शिशाच्या पट्टीत आहेत, तांब्याने जोडल्यात, की धातूच्या चौकटीत नुसत्या टेकवल्यात? चौकट असेल तर मागच्या पाकळ्या वाकवल्या की काच हातात येते, गोंद-बिंद काही लागत नाही.

जुगाडू: इपॉक्सी लावा. माझा फ्लॉवरपॉट सहा वर्षं टिकलाय.

खवटआजोबा: फ्लॉवरपॉटात बल्ब पेटतो का हो?

जुगाडू: एलईडी कुठे एवढा तापतो?

खवटआजोबा: आणि लोंबत्या कोपऱ्याचं वजन कोण धरणार, तुमचा फ्लॉवरपॉट?

वाडेकरीण: आमच्या वाड्यात हंड्या-झुंबरं होती. दसऱ्याआधी आजी स्वतः पुसायची, आम्हाला हातसुद्धा लावू द्यायची नाही. मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटला दाखवा, तिथे असल्या वस्तूंची पारख असलेले आहेत.

खडीसाखर: पॅसाडेनाहून? पोचेपर्यंत रांगोळी होईल त्याची.

हिरवाकंदील: शिसंच असावं, करड्या रंगाचं, नख रुततं. वर पांढरी पावडर जमली होती, काल पॉलिश पेपरने घासून काढली. आता गोंदाचं बोला.

खवटआजोबा: कुठे बसून घासली? घरात लहान मूल आहे?

हिरवाकंदील: टेबलावरच. मुलगी तीन वर्षांची. का?

खवटआजोबा: ती पावडर शिशाची आहे, विषारी. झाडू नका, घरचा व्हॅक्यूमही फिरवू नका. ओल्या कागदाने पुसा, कागद पिशवीत बांधून ठेवा, हात धुवा. मुलीच्या डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या. दिवा पेटवू नका: जुनी कापडी वायर असेल तर आतलं रबर आता बिस्किटासारखं झालं असेल. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून उतरवून घ्या. मग रंगीत काचेचं काम करणारा कारागीर शिशाची पट्टी उलगडून काच बदलेल. तडकलेली काच टाकू नका, नमुना म्हणून लागेल. इंडियानात कोकोमोला १८८८पासून असली दुधी काच ओततात, टिफनीही त्यांच्याकडून घ्यायचा.

हिरवाकंदील: पुसतोय. डॉक्टरांना फोन केला. पण शनिवारी टेबलावर अंधार?

वाडेकरीण: दोन समया लावा की.

खडीसाखर: मेनू काय आहे?