मेकॅनिकलची नोकरी सोडून ग्राफिक डिझाइनमध्ये जाऊ का? बेळगावात राहून जमेल काय?

वडगावचा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणालोय, आज लिहूनच टाकतो. मी वडगावचा, व्हीटीयूतनं मेकॅनिकल बी.ई., सध्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. पगार वेळेवर होतो, माणसं पण चांगली आहेत, म्हणजे त्रास आहे म्हणून पळालोय असं नाही. पण कॉलेजपासून गल्लीतल्या मंडळाचे बॅनर, गणपतीचा अहवाल, शिवजयंतीच्या चित्ररथावरचे फलक, पाहुण्यांतल्या लग्नपत्रिका सगळं माझ्याकडंच येतं आणि रात्री जेवून कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून बसलो की किती वाजले ते कळत नाही, एखाद्या अक्षराची वेलांटी नीट बसेपर्यंत झोप येत नाही मला.

आता तिशीला टेकलोय. पुण्यातल्या एका इन्स्टिट्यूटनं एक वर्षाच्या कोर्सचे दीड लाख सांगितलेत, राहणं-खाणं वेगळं, आणि शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. बाबांनी आयुष्यभर माग चालवला, त्यांना महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत माहीत आहे, ते म्हणतात चित्रं सुट्टीत काढ की. बायको म्हणते कर, माझी ना नाही, पण घराचा हप्ता कसा भरायचा ते आधी सांग. दोघांचं पण पटतंय मला, तीच पंचाईत आहे.

विचारायचं एवढंच की या लाइनमध्ये असलेल्यांनी खरं सांगा, आपल्या भागात यावर घर चालतंय काय, की पुणे-बेंगळुरूला गेल्याशिवाय पर्याय नाही? आणि तो कोर्स करावा काय? आणि आत्ता एआयनं चित्रं काढून मिळालेत, अशा वेळी यात उडी घ्यावी काय?

खडेबाजार_प्रेसवाला

बाळा, मी ऑफसेट आणि फ्लेक्समध्येच म्हातारा झालो, म्हणून स्पष्ट सांगतो. पत्रिका आणि वाढदिवसाचा फ्लेक्स यावर हिशोब मांडू नको. ती कामं आता पोरं मोबाइलवर कॅनव्हामध्ये करतात आणि गिऱ्हाइकाला आपल्याकडं सवयच लागलीय की डिझाइनचे कसले पैसे, प्रिंटचे घ्या की. ही सवय आम्हा प्रेसवाल्यांनीच लावली, स्पर्धेत डिझाइन फुकट देऊन देऊन.

पण काम नाही असं नाही, चांगलं करणारा नाही. माझ्याकडं रोज फाइली येतात, आरजीबीमध्ये म्हणजे स्क्रीनच्या रंगांत केलेल्या, स्क्रीनवर झगझगीत निळा दिसतो आणि सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत गेला की मळकट होतो, मग गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. ब्लीड सोडलेली नसते, कापायच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर जास्तीचं ठेवायला काय जातं? बारीक काळी अक्षरं चारी रंगांत केलेली असतात, प्लेट केसभर हलली की अक्षराला लाल-निळी सावली येते, ती फक्त काळ्या प्लेटवर पाहिजेत. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) करून पाठवतात आणि मशीन गुदमरतं, अरे तो रस्त्याच्या पलीकडनं बघायचा असतो. हे कोर्समध्ये एका तासात सांगतात, पण प्रेसवर उभा राहून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

आणि पाट्या. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर ६०% कन्नड पाहिजे आणि ते वरच्या बाजूला पाहिजे. त्यावर इथं कुणाला काय वाटतं तो वेगळा विषय, मी कामाचं बोलालोय. दुकानदाराला कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही एका पाटीवर हवं असतं आणि ते धड बसवणारा सापडत नाही. कन्नडची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात, त्याच्याच खाली आपल्या मराठीचे रफार, मात्रा, वेलांट्या वर डोकं काढतात, दोन्ही एकमेकांत घुसतात. कन्नड अक्षर गोल आणि रुंद, आपलं शिरोरेषेला टांगलेलं, म्हणून दोन्हीला एकच पॉइंट साइज दिली की एक मोठं आणि एक मरतुकडं दिसतं. तुला कन्नड वाचता येत असेल (वडगावचा आहेस म्हणजे येत असणारच) तर ही तुझी जागा आहे. पुण्याच्या पोराला हे जमणार नाही. रविवारी प्रेसवर येऊन बसत जा, नोकरी सोडायची गरजच नाही.

खानापूरकर_बेंगळुरूत

मी पण इंजिनिअरिंग करूनच इकडं आलो, आता एका कंपनीत ॲपचे स्क्रीन डिझाइन करतो. थोडक्यात सांगतो. आधी ठरव की तुला छापायचं डिझाइन करायचंय की स्क्रीनचं. मोठ्या पगाराच्या जागा बहुतेक स्क्रीनच्या कामात आहेत, त्याला फिगमा नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते शिकायला फुकटात मिळतं, पण त्या कामात माणसं कुठं अडतात ते शोधण्यात जास्त वेळ जातो, अक्षरांची वळणं काढण्यात कमी. तुझं लिहिणं वाचून मला वाटतंय तू अक्षरांचा माणूस आहेस.

शिकायचंच असेल तर दीड लाख भरायच्या आधी सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा बघ. आयआयटी मुंबई घेते, जानेवारीत असते, बी.ई.वाल्यांना चालते, वयाची अट नाही, आणि त्यातनं दोन वर्षांच्या एम.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्सला जाता येतं. सोपी नाही, चित्र काढावं लागतं आणि विचार मांडावा लागतो. नुसतं शिकायचं असेल तर आयआयटीच्याच आयडीसी या डिझाइन विभागाची डी-सोर्स नावाची साइट आहे, टायपोग्राफीपासून सगळं फुकट.

शंभर टक्के प्लेसमेंटवाल्यांना एकच विचार, मागच्या बॅचच्या पोरांचे पोर्टफोलिओ दाखवा आणि त्यांच्याशी बोलू द्या. टाळाटाळ केली तर समजून घे.

निपाणीची_पॅकेजिंगवाली

दादा, मी निपाणीत घरूनच पॅकेजिंगचं काम करते, मसाले, पापड, काजू, चहा असले ब्रँड, गिऱ्हाईक निम्मं इकडचं, निम्मं कोल्हापूर-गडहिंग्लजचं. घर चालतं. पण पहिली दोन-तीन वर्षं चाललं नव्हतं, तेव्हा मिस्टरांचा पगार होता म्हणून टिकले, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रेसवाल्या काकांचं सगळं बरोबर आहे, फक्त एका गोष्टीत माझं मत वेगळं आहे. प्रेसवर शिका, पण प्रेसवर कामाला राहू नका. तिथं गिऱ्हाईक शेजारी खुर्ची टाकून बसतं, हे मोठं कर, ते लाल कर, आणि हात तसाच चालायची सवय लागते, मग माणूस ऑपरेटर होतो. डिझाइनर आधी विचारतो की हे कुणासाठी आहे, कुठं लागणार आहे, काय वाचलं गेलं पाहिजे. एआयबद्दल पण मला हेच वाटतं. चित्र ते काढून देईल, पण माझ्या मसाल्याच्या पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, एफएसएसएआयचा (खाद्य परवान्याचा) नंबर, हिरवा ठिपका कुठं आणि केवढ्या अक्षरात पाहिजे, सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत आणि मराठी-कन्नड त्याच्या जोडीला, हे सगळं सांभाळून पाकीट शेल्फवर उठून दिसलं पाहिजे, ती जबाबदारी माणसावरच येते. चुकलं तर छापलेला सगळा रोल रद्दीत जातो.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही मेकॅनिकल सोडून यायचं बघालाय, मला वाटतं सोबत घेऊन या. उद्यमबाग, मच्छे इकडं एवढ्या फौंड्र्या, हायड्रॉलिक्सवाले, मशीन शॉप आहेत, त्यांचे कॅटलॉग बघितलेत काय? ढगाळ फोटो, टेबल एकमेकांवर चढलेली. कारण डिझाइनरला पार्ट कळत नाही आणि इंजिनिअरला पान मांडता येत नाही. तुम्हाला ड्रॉइंग वाचता येतं, टॉलरन्स कळतो, कुठला कोन दाखवला की पार्ट समजेल ते कळतं. बेंगळुरूच्या आयमटेक्स या मशीनच्या प्रदर्शनाला इथनं लोक जातात, त्यांना कॅटलॉग, स्टॉलचे पॅनेल, बॉक्सवरचे लेबल सगळं लागतं, आणि त्या माणसाला डिझाइनचे पैसे मागितले तर धक्का बसत नाही कारण तो बाहेरून कोटेशन घेऊनच आलेला असतो.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधी तयार ठेवा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका. काम घेताना निम्मे पैसे आधी, दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते व्हॉट्सॲपवर लिहून, ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) शेवटचे पैसे आल्यावर. ओळखीतल्यांना तर जास्तच कडक राहा, नाहीतर रात्री अकराला फोन येतो की भाऊजी एवढं नाव बदलून द्या.

वडगावचा_मेकॅनिकल

मंडळी, खूप आभार, खरंच. ताई, कॅटलॉगचं वाचून उठून कपाट उघडलं, आमच्याच शॉपचा कॅटलॉग तुम्ही म्हणालात तसाच आहे, उद्याच साहेबांना विचारतो की नवीन मी करून देऊ का, पैसे घेऊन. पुण्याचा कोर्स आत्ता नको, एवढं घरी सांगून टाकलं, बाबा काही बोलले नाहीत पण जेवताना जरा सैल वाटले. नोकरी आहे तशी ठेवतो, सीईईडीचे जुने पेपर काढून बघतो.

काका, रविवारी येऊ काय? आणि एक अडचण आहे, मी आजवर श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलंय, कन्नड मजकूर कुणीतरी नुडी या कन्नडच्या सॉफ्टवेअरमध्ये देतं, दुसरीकडं पेस्ट केलं की सगळं चिन्हांचं कडबोळं होतं. तीन लिप्या एका पानावर घ्यायच्या तर फॉन्ट कुठला?

खडेबाजार_प्रेसवाला

ये की, विचारतोस काय. दहानंतर ये, आधी प्लेटची गडबड असते.

जुने फॉन्ट सोड आता, युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडं सारखं वाचता येणाऱ्या पद्धतीत टाइप कर, नुडीचा जुना मजकूर आला तर कन्व्हर्ट करून घ्यायचा आणि ओळन् ओळ तपासायची, जोडाक्षरात घोटाळा होतो. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘अनेक’ बघ, देवनागरी, कन्नड, लॅटिन सगळं एकाच घरातलं आहे आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट, पाटीला जाड वजन पण मिळतं. जरा गोलमटोल पाहिजे असेल तर त्यांचाच बलू, त्यातला कन्नडचा बलू तम्मा. इलस्ट्रेटर वापरणार असशील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन चालू कर आणि परिच्छेदाचा कंपोजर साउथ एशियनवाला निवड, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडं न येता उजवीकडं जाऊन बसते. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ल आणि श आपल्या वळणाचे येतात, ते पण बघ.

छपाईला देताना अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून) दे, पण कर्व्ह न केलेली एक कॉपी तुझ्याजवळ ठेव. आणि कन्नडचं प्रूफ शाळेत कन्नड शिकलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय मशीनवर चढवायचं नाही. रविवारी येताना एक जुनी फाइल पेनड्राइव्हवर आण, तिचीच प्लेट काढून दाखवतो.