मदत हवी आहे: माळ्याखालचा मधला खांब काढला तर सागवानी तुळई तग धरेल का?

कृष्णाकाठ: घर सांगलीत, गावभागात. भिंती विटा-मातीच्या, दीड फूट जाड. खोली 16 बाय 12 फूट. माळ्याच्या कड्या 3 बाय 5 इंची, दोन-दोन फुटांवर, 12 फुटांच्या दिशेनं. कड्यांच्या मध्याखाली 6 बाय 8 ची 16 फुटी तुळई आणि तिला एकच खांब. 2019 च्या पुरात खांबाचं बूड भिजलं, आता टोकरलं की भुसा निघतो. खांब काढून खोली मोकळी करायची आहे. सुतार म्हणतात, लाकूड जुनं आणि पक्कं आहे, काही होत नाही. माळ्यावर हळदीची पोती असतात. काय करावं?

करवतपट्टी: आधी एक बघा, तुळई अखंड आहे की खांबाच्या डोक्यावर सांधलेली? सांधा असेल तर विषय तिथंच संपला, खांब निघाला की तुळई खाली.

अखंड असली तरी गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, 8 फुटांवरून 16 वर जातो. गाळा दुप्पट झाला की वाकवणारा जोर चौपट होतो आणि बाक सोळापटीहूनही वाढतो. सुतारांचं म्हणणं मोडण्यापुरतं कदाचित खरं असेल, पण सागवान मोडायच्या कितीतरी आधी झोल खातं. माळ्याचं स्वतःचं वजन आणि राहत्या घराचा नेहमीचा भार धरून चौरस फुटाला सुमारे 23 किलो होतात. तेवढ्यावर तुमची तुळई मध्यभागी साधारण 34 मिलिमीटर खाली येईल. चालण्यासारखा बाक गाळ्याच्या 240 व्या भागाइतका, म्हणजे 20 मिलिमीटर. शिवाय कायमच्या भाराखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत राहतं.

कृष्णाकाठ: तुळई अखंड आहे. मग तुळईही काढून नुसत्या कड्यांवर माळा ठेवला तर?

करवतपट्टी: नको. 3 बाय 5 ची कडी 12 फुटांवर 29 मिलिमीटर वाकते, मर्यादा 15 ची. एवढ्या गाळ्याला 3 बाय 7 ची कडी, दीड-दीड फुटावर लागेल. अंदाजाला कडीची उंची गाळ्याच्या विसाव्या भागाइतकी धरा. उंची महत्त्वाची, रुंदी नाही: रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून आडवी टाकलेली फळी झोका घेते आणि तीच उभी केली की ताठ राहते. वखारीतून कडी घेताना खालच्या कडेला, गाळ्याच्या मधल्या भागात मोठी गाठ नको. ताण तिथंच सगळ्यात जास्त असतो.

ओळंबा: पोत्यांचा हिशोब वेगळा करा. 50 किलोचं आडवं पोतं साधारण सहा चौरस फूट जागा घेतं, म्हणजे एका थराला चौरस फुटाला आठ किलोच्या वर. तीन थर झाले की वरच्या हिशोबातला भार ओलांडला. थप्पी भिंतीलगत लावा, खोलीच्या मधोमध नको.

खोली मोकळीच हवी असेल तर तुळईच्या जागी 200 मिलिमीटरचा लोखंडी आय गर्डर टाका. त्याच भाराला तो आठ मिलिमीटरच्या आसपास वाकतो. पण खरी भीती भिंतीची आहे. आज खांबावर जाणारं ओझं उद्या दोन टोकांवर जाईल: नेहमीच्या भाराला प्रत्येकी एक टनाच्या वर, पोत्यांसकट दोनच्या घरात. मातीतल्या विटा त्या एका ठिकाणी चिरडतात आणि भिंतीला उभी भेग पडते. टोकाखाली सळईसह काँक्रीटचा दोन फूट लांब बेड ब्लॉक, म्हणजे ओझं भिंतीवर पसरवणारा ठोकळा, घाला. तुमची भिंत पुरात भिजलेली आहे, तेव्हा मी दोन्ही टोकांना भिंतीलगत पायासकट खांबच उभा केला असता.

कृष्णाकाठ: आणि काढताना क्रम?

ओळंबा: माळा पूर्ण रिकामा करा. तुळईच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांवर, कड्यांखाली आडवं लाकूड देऊन लोखंडी जॅक लावा, खाली फळी टाकून. जॅक कड्या नुसत्या टेकेपर्यंतच फिरवा. जोर लावून उचलल्या तर भिंतीतली टोकं सुटतात. मग खांब, मग तुळई. काढल्यावर भिंतीतली टोकं पटाशीनं टोचून बघा, वाळवी आणि कुज तिथं असते. नव्या टोकाला किमान 75 मिलिमीटर टेकण हवं. लाकडी असेल तर भोवती हवा खेळती ठेवा, मातीनं लिंपून बंद करू नका. आय गर्डर नक्की करण्याआधी इंजिनिअरला भिंत प्रत्यक्ष दाखवा.

करवतपट्टी: आणि तोवर खांबाशेजारी आजच एक जॅक लावून ठेवा. बूड कुजलेलं असताना पोती वर ठेवू नका.