अनोळखी प्रकाश दिसला: साक्षीदाराच्या सांगण्याला वजन द्यावं का?

नभांगण:
रात्री आकाशात अनोळखी प्रकाश पाहणारा तीन गोष्टी ठामपणे सांगतो: केवढा होता, किती दूर होता, किती वेगात गेला. या तिन्ही गोष्टी डोळ्यांना कळतच नाहीत. डोळ्यांना कळतो फक्त कोन, म्हणजे वस्तू कोणत्या दिशेला आहे आणि नजरेत किती रुंद दिसते एवढंच. शेजारी ओळखीची वस्तू नसेल, तर जवळचा फुगा आणि दूरचं विमान सारखंच दिसू शकतं. अंतर दहापट चुकलं की आकार आणि वेगही दहापट चुकले.

शिवाय काळोखातला एकटा प्रकाशबिंदू स्थिर असूनही हलताना दिसतो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टला १७९९ मध्ये टेनेरिफ बेटावरच्या पर्वतावर तारे असेच भटकताना दिसले होते. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफच्या १९३५ च्या प्रयोगात, अंधाऱ्या खोलीत एकत्र बसलेल्यांचे 'किती हलला' याचे अंदाज हळूहळू एकमेकांशी जुळत गेले. बिंदू मुळात हललाच नव्हता. म्हणून 'आम्ही चौघांनी पाहिलं' हा चौपट पुरावा होत नाही. मोजमाप नसलेली साक्ष नोंदवहीतच नको.

मृगशीर्ष:
शेवटच्या वाक्याशी पूर्ण असहमत. २६ एप्रिल १८०३ ला फ्रान्समध्ये लेगलजवळ आकाशातून दगड पडले. फ्रेंच शास्त्रज्ञ बियो गावोगाव फिरला, लोकांना विचारलं, दगड सापडलेल्या जागा नकाशावर मांडल्या; लांबट वर्तुळासारखा पट्टा निघाला. उल्का दगड होऊन जमिनीवर येतात हे त्यानंतर मान्य झालं. गडगडाटी ढगांच्या वरच्या लाल चमका, म्हणजे स्प्राइट, यांचंही तेच. वैमानिक कित्येक वर्षं सांगत होते. चित्र मिळालं ६ जुलै १९८९ ला, तेही मिनेसोटा विद्यापीठाचा गट मंद प्रकाशातही टिपणारा कॅमेरा तपासत असताना, योगायोगाने. काही मिलिसेकंदांत विझणाऱ्या गोष्टीचं मोजमाप साक्षीदाराकडे मागणं अन्यायाचं आहे.

दृक्पटल:
साक्ष घ्यायचीच तर नीट घ्या. साक्षीदार आपसात बोलण्याआधी प्रत्येकाला वेगळं गाठा. त्याच जागी उभं करा. हात पूर्ण लांब केला की मूठ आकाशाचा साधारण १० अंश भाग झाकते, करंगळी १ अंश. क्षितिजापासूनची उंची मुठींनी मोजा, दिशा होकायंत्राने घ्या. 'किती वेळ दिसला' हे विचारू नका. प्रकाश कुठून कुठे गेला ते बोटाने पुन्हा करून दाखवायला सांगा आणि तुम्ही घड्याळ लावा.

'रोखून पाहिलं की नाहीसा व्हायचा' हे वाक्य खोटं समजू नका. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी, म्हणजे मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशी, नसतात, त्यामुळे फिकट प्रकाश थेट पाहताना मावळतो आणि नजर थोडी बाजूला नेली की परत दिसतो. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल पाहिला असेल तर तेही लिहा.

नभांगण:
पद्धत चांगली आहे, पण अंतर तरीही मिळत नाही. त्यासाठी दोन कॅमेरे लागतात. एक किलोमीटर अंतरावर ठेवले, तर १० किलोमीटर दूरच्या वस्तूच्या दिशेत सुमारे ५.७ अंशांचा फरक पडतो. दोन्ही घड्याळं जीपीएसवर जुळलेली हवीत, नाहीतर हलत्या वस्तूचं गणित फसतं. ऑटोफोकस बंद करून तेजस्वी ताऱ्यावर फोकस पक्का करा. फोकस सुटला की बिंदूची तबकडी होते आणि तिला लेन्समधल्या पडद्याच्या छिद्राचा आकार येतो. बहुकोनी 'यानं' पुष्कळदा अशीच जन्मतात.

मृगशीर्ष:
कॅमेरा कुठे रोखायचा हे कोण सांगणार? २०१२ मध्ये चीनच्या छिंगहाय भागात गोलाकार विजेचा, म्हणजे चेंडूसारख्या दिसणाऱ्या विजेचा, वर्णपट (प्रकाशातले वेगळे केलेले रंग, ज्यांवरून मूलद्रव्यं ओळखतात) मिळाला, कारण तिथे साध्या विजेची नोंद चालू होती. त्यात सिलिकॉन, लोह, कॅल्शियम, म्हणजे मातीतली मूलद्रव्यं दिसली. नशिबाची साथ होती ती. यंत्रही गाळतंच: उल्का टिपणाऱ्या प्रणाली सावकाश सरकणारे प्रकाश विमान समजून बाजूला काढतात. अनोळखी गोष्ट नेमकी त्याच ढिगात जाऊ शकते, म्हणून कच्चं चित्रण पुसू नका.

दृक्पटल:
एक राहिलं. ठरावीक रकान्यांचा फॉर्म आधी पुढे करू नका. मानसशास्त्रज्ञ लोफ्टस आणि पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात प्रश्नातलं एक क्रियापद बदललं, तर त्याच अपघाताच्या चित्रफितीत पाहणाऱ्यांनी गाड्यांचा वेग वेगळा सांगितला. आधी माणसाला अखंड बोलू द्या, ध्वनिमुद्रण करा, मग मुठी आणि अंश.

नभांगण:
अखंड बोलणं ठेवा, हरकत नाही. पण त्यातल्या अंतराच्या आणि वेगाच्या आकड्यांवर गणित करू नका. तिथे मी हटणार नाही.